माहेर विलायतेचे, सासर जपानचे

बडोद्यातल्या मराठी घरांत अलीकडे जपानी भाषा शिकणारी मुले-मुली दिसू लागली आहेत. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली. त्या मार्गाच्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण केंद्र आपल्याच शहरात आले. गुजरातच्या औद्योगिक वसाहतींत जपानी कंपन्यांच्या पाट्याही आता नवलाच्या राहिल्या नाहीत. भाषा येत असेल तर नोकरीत चार पावले पुढे पडतात, हे पालकांनाही उमगले आहे.

या मुलांना पहिल्याच महिन्यात एक सुखद धक्का बसतो. जपानी भाषेत इंग्रजी शब्द हजारोंनी भरलेले आहेत. तेरेबि म्हणजे टेलिव्हिजन, होतेरु म्हणजे हॉटेल, ताकुशी म्हणजे टॅक्सी. मुलांना वाटते, अर्धी भाषा तर आपल्याला आधीच येते! पण हा आनंद फार टिकत नाही. 'मान्शोन' म्हणजे मोठा वाडा समजून पाहायला जावे, तर निघते सिमेंटच्या इमारतीतली दोन खोल्यांची सदनिका. दुकानदार 'हे साबिसु आहे' म्हणतो, म्हणजे ती वस्तू तो फुकट देतो आहे. 'कान्निंगु' म्हणजे धूर्तपणा नव्हे, आपण ज्याला परीक्षेतली कॉपी म्हणतो ती. 'सुमातो' माणूस हुशार असेलच असे नाही, तो सडपातळ असतो. आणि 'तेन्शोन' वाढले, तर जपानी माणूस काळजीत नसतो, तो उत्साहात असतो!

अशा शब्दांची यादी केली, की वर्गात हसू पिकते. 'जपान्यांचे इंग्रजी कच्चे' असा शेराही मारला जातो. आम्हांला तो शेरा पटत नाही. यातल्या बहुतेक शब्दांमागे काही इतिहास आहे. कोणत्या जहाजातून, कोणत्या काळात आणि कोणत्या गरजेपोटी शब्द आला, हे कळले की त्याचा अर्थ लक्षात राहतो. आणि हा इतिहास वाचताना आपल्या मराठीकडेही वेगळ्या नजरेने पाहता येते. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

गोव्याहून गेलेला पाव

जपानचा युरोपशी पहिला संबंध इंग्रजांमार्फत आला नाही. १५४३ मध्ये पोर्तुगीज व्यापारी जपानच्या दक्षिणेकडील तानेगाशिमा बेटावर पोहोचले आणि त्यांच्याबरोबर बंदूक पोहोचली. त्या काळी पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील कारभाराची राजधानी गोवा होती. आन्जिरो नावाचा एक जपानी गृहस्थ मलाक्कामार्गे गोव्यात आला, तिथे शिकला आणि १५४८ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस झेवियर त्याला बरोबर घेऊन जपानला गेले. पुढे गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी अशी वाट रुळली.

त्या वाटेने शब्दही गेले. जपानीत पावाला 'पान' म्हणतात. आपला पाव आणि जपानचा पान ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे. एक कोकण किनाऱ्यावर उतरले, दुसरे नागासाकीला. तंबाखूला जपानीत 'ताबाको' म्हणतात, तोही याच घराण्यातला. गुंडीसाठी 'बोतान' आणि पावसाळी अंगरख्यासाठी 'काप्पा' हे शब्द त्याच काळातले. पत्त्यांच्या खेळाला मिळालेला 'कारुता' हाही पोर्तुगीजच. हा शब्द ध्यानात ठेवावा, त्याची भावंडे पुढे भेटतील.

१६३९ मध्ये जपानच्या शोगुन सरकारने पोर्तुगीजांना देशबंदी केली. युरोपियनांपैकी फक्त डच उरले आणि तेही १६४१ पासून नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा या चिमुकल्या कृत्रिम बेटावर कोंडलेले. पुढची दोनशे वर्षे युरोपचे ज्ञान जपानला मिळाले ते याच खिडकीतून. जपानी वैद्य आणि विद्वान डच शिकू लागले. काचेसाठी 'गारासु', बिअरसाठी 'बीरु', कॉफीसाठी 'कोही', रबरासाठी 'गोमु', शस्त्रक्रियेच्या सुरीसाठी 'मेसु', असे शब्द तेव्हाचे. आजही जपानी शाळकरी मुलांच्या पाठीवर जे चौकोनी, कडक चामडी दप्तर असते, त्याला 'रान्दोसेरु' म्हणतात. मूळ डच शब्द सैनिकाच्या पाठपिशवीचा. तो शाळेत पोहोचला आणि आता मुलांचाच झाला.

म्हणजे शब्द घेणे, त्याला आपल्या उच्चारात बसवणे आणि हवे तिथे वापरणे, ही जपानी भाषेची रीत इंग्रजी येण्यापूर्वीच पक्की झाली होती.

इंग्रजी आली

१८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी युद्धनौका घेऊन आला आणि जपानची दारे उघडू लागली. पुढे मोठे शिक्षणतज्ज्ञ म्हणून गाजलेले फुकुझावा युकिची तेव्हा तरुण होते. वर्षानुवर्षे मेहनत करून ते डच शिकले होते. १८५९ मध्ये ते नव्याने उघडलेल्या योकोहामा बंदरात गेले, तर दुकानांवरच्या पाट्या वाचता येईनात. तिथे इंग्रजी चालत होती. खचून न जाता त्यांनी लगेच इंग्रजीचा अभ्यास सुरू केला. त्यांच्यासारख्या अनेकांनी तेच केले.

१८६८ मध्ये मेइजी राजवट आली आणि नव्या कल्पनांचा लोंढा आला. त्यांना नावे देण्याचे दोन मार्ग होते. पहिला मार्ग भाषांतराचा. चिनी अक्षरे जोडून नवे शब्द घडवायचे. रेल्वेला 'तेत्सुदो', म्हणजे लोखंडी रस्ता. टेलिफोनला 'देन्वा', म्हणजे विजेचे बोलणे. निशी आमाने या विद्वानांनी तत्त्वज्ञानासाठी 'तेत्सुगाकु' हा शब्द घडवला. आपण संस्कृत धातूंवरून लोहमार्ग, दूरध्वनी हे शब्द घडवले, तसाच हा प्रकार. शिवाजी महाराजांच्या काळातला राज्यव्यवहारकोश आपल्याला माहीत आहे. आपल्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आज्ञेने तयार होऊन १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला 'श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू' हा आठ भाषांचा कोश त्याच जातीच्या मेहनतीचे फळ आहे.

दुसरा मार्ग, इंग्रजी शब्द जसा ऐकू आला तसा घेण्याचा. तत्त्वज्ञान, समाज, हक्क या गोष्टी पहिल्या मार्गाने आल्या. शिंपी, खानावळ, बंदर आणि खेळाचे मैदान यांनी दुसरा मार्ग धरला. शिवणयंत्र आले तेव्हा 'मशीन' एवढाच भाग कानात राहिला आणि 'मिशिन' म्हणजे शिवणयंत्र हे कायमचे ठरले. 'व्हाइट शर्ट'चे 'वाइशात्सु' झाले. आज निळा वाइशात्सु मिळतो, पट्ट्यापट्ट्यांचाही मिळतो. नावातला पांढरा रंग केव्हाच धुऊन गेला. उंच कॉलरचे विलायती सदरे घालून मिरवणाऱ्यांना 'हाय कॉलर' म्हणता म्हणता 'हाइकारा' हा शब्द फॅशनेबल, आधुनिक या अर्थाने रूढ झाला.

याच काळात जर्मन भाषाही आली, विशेषतः वैद्यकातून. रुग्णाच्या नोंदपत्राला जपानी डॉक्टर 'कारुते' म्हणतात, तो जर्मन शब्द. आता मघाची भावंडे एकत्र पाहा. खेळायचे पत्ते 'कारुता', पोर्तुगीज. रुग्णाचा कागद 'कारुते', जर्मन. आणि बँकेचे किंवा शुभेच्छांचे 'कादो', इंग्रजी. युरोपात या तिघांचे मूळ एक, जपानात तीन दारांनी आले आणि तिघांना तीन कामे मिळाली. विद्यार्थी शिकता शिकता जे अर्धवेळ काम करतो त्याला 'आरुबाइतो' म्हणतात. जर्मनमध्ये त्या शब्दाचा अर्थ नुसता 'काम'. जपानी विद्यार्थ्यांच्या बोलीत तो शिरला आणि मुख्य काम सोडून केलेले काम एवढाच अर्थ उरला. हे इंग्रजी नाही, हे ठाऊक नसल्यामुळे इंग्रजी जाणणारा विद्यार्थी इथे हमखास अडतो.

कधी कधी एकच इंग्रजी शब्द दोनदा आला आणि दोन रूपांत नांदला. कामगारांचा संप तो 'सुतोराइकि' आणि बेसबॉलमधला तो 'सुतोराइकु'. कपड्यांची इस्त्री 'आइरोन' आणि गोल्फची काठी 'आइआन'. ही उच्चारातली चूक म्हणावी, तर ती फार शहाणी चूक आहे. दोन कामांसाठी दोन शब्द मिळाले!

शब्द आखूड का होतात

विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त त्रास देतात ते कापलेले शब्द. त्यांचे कारण जपानी उच्चारात आहे. जपानी भाषेत जोडाक्षरे जवळजवळ नाहीत. प्रत्येक व्यंजनामागे स्वर हवा, अपवाद मुख्यतः 'न'चा. 'ल' नाही, म्हणून त्याचा 'र' होतो. 'व्ह' बहुधा 'ब' होतो. इंग्रजीत एका झटक्यात म्हटला जाणारा 'स्ट्राइक' जपानीत 'सु-तो-रा-इ-कु' असा पाच तुकड्यांचा होतो. मग पर्सनल कॉम्प्युटरचे काय होत असेल! एवढा लांब शब्द रोज कोण म्हणणार? म्हणून त्याचे दोन्हीकडचे दोन-दोन तुकडे घेतले आणि 'पासोकोन' झाले. एअर कंडिशनरचा 'एआकोन', रिमोट कंट्रोलचा 'रिमोकोन', ही त्याच साच्यातली.

काही शब्दांचे शेपूट तेवढे कापले जाते. डिपार्टमेंट स्टोअरचे 'देपातो', सुपरमार्केटचे 'सुपा', अपार्टमेंटचे 'आपातो', बिल्डिंगचे 'बिरु'. फलाटासाठीच्या 'पुरात्तोहोमु'मधला पुढचा भाग गळून 'होमु' राहिले. स्टेशनवर 'होमु' ऐकले तर घराची आठवण काढू नये. नोटबुकचे 'नोतो' झाले, म्हणून दुकानात 'नोतो' मागितले तर वही मिळेल. इथे ऱ्हस्व-दीर्घ नीट सांभाळावे लागते. 'बिरु' म्हणजे इमारत आणि 'बीरु' म्हणजे बिअर. पत्ता विचारताना वेलांटी चुकली, तर भलत्याच ठिकाणी पोहोचण्याची सोय आहे.

हे शब्द ओळखायला मात्र एक मदत मिळते. जपानीत परदेशी शब्दांसाठी काताकाना ही वेगळी लिपी वापरतात. बौद्ध भिक्षूंनी चिनी ग्रंथ वाचताना खुणा करण्यासाठी नवव्या शतकाच्या सुमारास ती घडवली. पूर्वी सरकारी कागदपत्रांतही ती चालत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर मुख्यतः परदेशी शब्दांसाठी ती राहिली. शब्द बाहेरून आला आहे हे त्याच्या पोशाखावरून कळते. तो इथे आल्यावर काय झाला, हे मात्र पोशाख सांगत नाही.

बंदी आणि पूर

बेसबॉल जपानात १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने नेला. खेळाबरोबर शब्द गेले आणि मैदानावर रुळले. मग दुसरे महायुद्ध आले. इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली. १९४३ मध्ये मैदानावरचे इंग्रजी शब्दही बदलले गेले. पंच 'सुतोराइकु'ऐवजी 'योशी', म्हणजे 'ठीक', असे ओरडू लागले आणि 'बोरु'ऐवजी 'दामे', म्हणजे 'नाही'. ग्रामोफोनच्या 'रेकोदो'ला 'ओन्बान' असे नाव दिले गेले. लोकांना खेळ आवडत होता आणि शब्दही तोंडात बसलेले होते. युद्ध संपताच 'सुतोराइकु' परत आला.

१९४५ मध्ये जपान हरला आणि अमेरिकन फौजा आल्या. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत जपानी-इंग्रजी संभाषणाची ३२ पानांची एक पुस्तिका निघाली. तिच्या ३५ लाखांहून अधिक प्रती खपल्या. जळालेल्या शहरांत, अन्नाची टंचाई असताना लोक ती पुस्तिका विकत घेत होते. ज्यांनी कालपर्यंत शत्रूची भाषा म्हणून इंग्रजी टाळली, त्यांनाच पोटासाठी ती हवी होती. आज ज्या शब्दांना आपण हसतो, त्यांतल्या पुष्कळांच्या मागे हा काळ आहे, हे विसरू नये.

मग भरभराटीची दशके आली आणि जपानी लोक स्वतःच इंग्रजीचे तुकडे घेऊन नवे शब्द घडवू लागले. अशा शब्दांना ते 'वासेइ-एइगो' म्हणतात, म्हणजे जपानात बनवलेली इंग्रजी. या नावातच त्यांची कबुली आहे. माल आमचा, साहित्य बाहेरचे.

याची दोन-तीन उदाहरणे पाहू. १९५८ मध्ये तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलने हवे तेवढे वाढून घ्यायची उत्तर युरोपी पद्धतीची जेवणावळ सुरू केली. मूळ स्वीडिश नाव जपानी तोंडात बसणे कठीण. उत्तर युरोपचे म्हणून त्यांनी व्हायकिंग दर्यावर्दींचे नाव दिले. तेव्हापासून जपानात 'बाइकिंगु' म्हणजे बुफे. जपानी मित्र 'उद्या बाइकिंगुला जाऊ' म्हणाला, तर तलवार नको, भूक न्यावी.

दुसरे उदाहरण कार्यालयात काम करणाऱ्या स्त्रियांचे. त्यांना आधी 'बिझनेस गर्ल' म्हणत. या शब्दाचा इंग्रजीत वाईट अर्थ होतो, अशी चर्चा सुरू झाली. १९६४ चे तोक्यो ऑलिम्पिक जवळ आले होते आणि परदेशी पाहुणे येणार होते. तेव्हा १९६३ मध्ये 'जोसेइ जिशिन' या स्त्रियांच्या साप्ताहिकाने वाचकांची मते मागवली आणि 'ऑफिस लेडी' हे नाव पुढे आले. त्याचे आद्याक्षरी रूप 'ओएरु'. शब्द मतदानाने ठरल्याचे असे उदाहरण विरळाच.

तिसरे, आम्हांला सर्वांत आवडणारे. १५ सप्टेंबर १९७३ रोजी, जपानच्या ज्येष्ठ नागरिक सन्मान दिनी, राष्ट्रीय रेल्वेने तोक्योच्या गाड्यांत वृद्धांसाठी राखीव जागा सुरू केल्या. त्या जागा वेगळ्या दिसाव्यात म्हणून वेगात धावणाऱ्या शिन्कान्सेन गाडीच्या आसनांचे शिल्लक असलेले रुपेरी कापड वापरले. त्यांना नाव पडले 'शिरुबा शीतो', रुपेरी आसन. त्यातून 'शिरुबा' या शब्दाला 'वृद्ध' हा अर्थच चिकटला. आज निवृत्तांना काम मिळवून देणाऱ्या केंद्राच्या नावातही 'शिरुबा' असते. शिल्लक कापडाने एका शब्दाला नवा अर्थ दिला.

कंपन्यांच्या नावांनीही शब्द दिले. अमेरिकेतून आलेल्या स्टेपलरवर होचकिस हे नाव होते, म्हणून स्टेपलर झाला 'होच्चिकिसु'. हायाकावा तोकुजी यांनी १९१५ मध्ये शिसे पुढे सरकणारी धातूची पेन्सिल काढली. तिच्या 'शार्प' या नावावरून 'शापु पेन्शिरु' शब्द आला आणि पुढे त्यांच्या कंपनीचे नावही तेच झाले. यात हसण्यासारखे काही असेल तर आपणही हसण्यालायक आहोत. गाडीच्या जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरच्या कारखान्याचे ते नाव! आणि छायाप्रतीला 'झेरॉक्स' कोण म्हणत नाही?

कामावर जाणाऱ्यांसाठी

नोकरीसाठी भाषा शिकणाऱ्यांना काही शब्द सांगून ठेवतो. ग्राहकाकडून 'कुरेमु' आला असे जपानी साहेब म्हणाले, तर विम्याच्या दाव्याचा विचार करू नये. ती तक्रार असते. 'कोन्सेन्तो' मागितला तर संमती नको आहे, भिंतीतला विजेचा सॉकेट हवा आहे. जुन्या इंग्रजी 'कॉन्सेन्ट्रिक प्लग'चा तो उरलेला भाग. 'हान्दोरु' म्हणजे गाडीचे स्टीअरिंग. 'पेन्चि' म्हणजे आपली पक्कड. 'साइन' म्हणजे सही. 'दोराइबा' चालकही असतो आणि स्क्रू पिळायचे हत्यारही. 'पेपा दोराइबा' म्हणजे परवाना आहे पण गाडी चालवत नाही असा माणूस. अशी माणसे आपल्याकडेही कमी नाहीत, फक्त त्यांना नाव नाही. 'रिसुतोरा' हा शब्द कंपनीच्या पुनर्रचनेसाठीच्या इंग्रजी शब्दातून आला. १९९० नंतरच्या मंदीत पुनर्रचनेच्या नावाखाली लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि सामान्य जपानी माणसासाठी त्याचा अर्थ 'कामावरून कमी करणे' एवढाच राहिला. या एका शब्दात एका पिढीचे दुःख साठले आहे.

नियम एकच. शब्द इंग्रजी वाटला तरी तो जपानी समजून, जपानी वाक्यातच शिकावा. आपण त्याचे माहेर ओळखतो म्हणून त्याचा स्वभाव आपल्याला कळला, असे होत नाही. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची प्रथा होती. सासरच्या घरात तिला जुन्या नावाने हाक मारून उपयोग नसे. शब्दांचेही तसेच आहे.

जपान्यांनाही हे सगळे गोड वाटते असे नाही. परदेशी शब्दांचा अतिरेक होतो, म्हाताऱ्यांना सरकारी पत्रके कळत नाहीत, अशी ओरड तिथेही आहे. राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने २००२ मध्ये एक समिती नेमली. तिने २००६ पर्यंत १७६ अवघड परदेशी शब्दांना सोपे पर्याय सुचवले. २०१३ मध्ये एका वृद्ध गृहस्थाने तर एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेवर नागोयाच्या न्यायालयात दावा लावला. परदेशी शब्दांच्या भडिमारामुळे मनस्ताप झाला म्हणून १४ लाख १० हजार येनची भरपाई मागितली. दावा फेटाळला गेला. पण त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. स्वतःच्याच देशात बातम्या कळू नयेत, हे दुःख खरेच आहे.

दुसरीकडे, हेच शब्द उलट जगभर गेले. 'काराओके' मधला 'कारा' जपानी, अर्थ रिकामा. 'ओके' हा ऑर्केस्ट्राचा तुकडा. 'आनिमे' हा ॲनिमेशनचा कापलेला शब्द. आज इंग्रजी शब्दकोशांत हे दोन्ही आहेत, जपानी म्हणून. मुलगी सासरहून माहेरी आली, ती नव्या नावाने.

विनायक, दान्ना आणि आपण

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत सांगावीच अशी गोष्ट शेवटी. इंग्रजीच्या हजार वर्षे आधी जपानी भाषेने आपल्याकडूनही शब्द घेतले, बौद्ध धर्माबरोबर, चीनमार्गे. त्यात आपले बाप्पाही गेले. जपानी बौद्ध परंपरेत 'बिनायाका' म्हणजे विनायक आहेत. त्यांना 'कान्गितेन', आनंदाचा देव, असेही म्हणतात. तोक्योच्या आसाकुसा भागात मात्सुचियामाच्या टेकडीवर त्यांचे देऊळ आहे आणि तिथे नैवेद्याला मुळा वाहतात. मोदकाऐवजी मुळा! तरी देव तोच.

'दान' हा आपला शब्द जपानीत 'दान्ना' झाला. आधी दान देणारा, मग आश्रयदाता, मग मालक आणि शेवटी नवरा. आज जपानी बाई नवऱ्याचा उल्लेख 'दान्ना' म्हणून करते. आता आपला 'यजमान' शब्द पाहा. यज्ञ करवून दक्षिणा देणारा तो यजमान, पुढे घरधनी आणि मग 'आमचे यजमान' म्हणजे नवरा. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, एकाच वाटेने चालल्या. 'नरक' जपानीत 'नाराकु' झाला आणि काबुकी नाटकाच्या रंगमंचाखालच्या अंधाऱ्या तळघराला ते नाव मिळाले. दान्ना म्हणणाऱ्या जपानी बाईला 'तुमचे संस्कृत चुकले' असे कोणी म्हणत नाही. मग मान्शोनमध्ये राहणाऱ्यालाच का म्हणावे?

मराठीनेही हेच केले आहे. 'तालीम' मूळ अरबी, अर्थ शिक्षण. आपल्याकडे ती कुस्तीचा आखाडा झाली आणि नाटकाचा सरावही. 'गरीब' म्हणजे अरबीत परका, मराठीत निर्धन. संस्कृतमध्ये 'चेष्टा' म्हणजे हालचाल, प्रयत्न. आपल्याकडे ती थट्टा झाली. बाणभट्टाची नायिका कादंबरी आपल्याकडे साहित्यप्रकार झाली. आपण 'हॉटेलात' चहा प्यायला जातो, मुक्कामाला नाही. यातले काहीही चूक नाही. ते मराठी आहे.

हे आपण बडोदेकरांनी विशेष समजून घ्यावे असे आम्हांला वाटते. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर इथे आलेल्या घराण्यांची मराठी अडीच-तीनशे वर्षे गुजरातीच्या शेजारात नांदली. शेजारी 'हूं नवरो छूं' म्हणाला, तर तो आपल्या लग्नाबद्दल सांगत नाही, त्याला फुरसत आहे, हे इथल्या मराठी पोराला न शिकवता कळते. गुजराती दादा म्हणजे आजोबा आणि मराठी दादा म्हणजे थोरला भाऊ, हा हिशेब तो एका वाक्यात सांभाळतो. पण सुटीत पुण्या-मुंबईचे नातेवाईक आले आणि त्याच्या तोंडून झोपाळ्याला 'हिंचका' निघाला, की हशा पिकतो. दोन-तीनदा असे झाले की मूल पाहुण्यांपुढे मराठी बोलायचेच टाळते आणि हिंदी-इंग्रजीत उत्तर देते. हसणाऱ्याला ते कळतही नाही. पण एका घरातली मराठी तेवढी मागे सरकलेली असते.

शब्दांचा इतिहास ठाऊक असेल तर त्या मुलाला सांगता येते, की तुझा शब्द चुकलेला नाही, तो या गावात राहिलेला आहे. पुण्याचाही शब्द शीक, तो मोठ्या घरचा आहे. पण आपला टाकू नकोस.

म्हणून मंडळापुढे एक विनंती ठेवतो. आपल्या घरांतली वडीलधारी माणसे बोलताना जे बडोद्याचे खास शब्द वापरतात, ते प्रत्येक घराने एका वहीत लिहून काढावेत. शब्द, त्याचा इथला अर्थ आणि तो वापरलेले एक वाक्य, एवढे पुरे. काम मुलांना द्यावे, म्हणजे आजी-आजोबांपाशी बसणे होईल. पुढच्या गणेशोत्सवापर्यंत दहा घरांच्या वह्या जमल्या, तरी स्मरणिकेची चार पाने भरतील. जपानी शिकणाऱ्या मुलांनी त्यात पुढाकार घ्यावा. दुसऱ्याच्या भाषेतले शब्द अर्थासह टिपून ठेवण्याची सवय त्यांना आता झालीच आहे.

गणपती बाप्पा मोरया!